चार पाने आणि चार नवे नायक

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

पत्ते म्हटले की डोळ्यांपुढे येते ती मे महिन्याची सुटी, माजघरातील सतरंजी आणि 'मेंढीकोट'चा किंवा 'बदाम सात'चा रंगलेला डाव. पाने बावन्न, रंग चार, नियम ठरलेले. आजोबा जो डाव खेळले तोच नातूही खेळतो. आमच्या वर्गातील कन्नड मित्र सगळ्या पत्त्यांनाच 'इस्पीट' म्हणतो आणि आम्ही मराठी मुले इस्पिक हा त्यांतील एकच रंग समजतो. एवढा शब्दांचा घोळ सोडला तर एका सतरंजीवर दोघांचे उत्तम जमते. परंतु ज्यात दर काही महिन्यांनी नवी पाने येतात, नवे नायक येतात आणि त्यांच्याबरोबर नियमही नवे येतात, असाही पत्त्यांचा खेळ असतो, हे दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर माझा विश्वास बसला नसता.

माझा आतेभाऊ शिक्षणासाठी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी असतो. गेल्या दिवाळीत तो बेळगावला आला तेव्हा फराळाच्या डब्यांशेजारी त्याने पत्त्यांच्या दोन पेट्या मांडल्या. खेळाचे नाव 'फ्लेश अँड ब्लड'. ऑकलंडच्याच 'लेजंड स्टोरी स्टुडिओज' या संस्थेने तो काढला. पहिला संच 'वेलकम टू रॅथ' ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आला आणि दुसरा, 'आर्केन रायझिंग', मार्च २०२० मध्ये. समोरासमोर बसून खेळण्यासाठी काढलेल्या या खेळाचा दुसरा संच आला आणि त्याच महिन्यात न्यूझीलंडमध्ये व आपल्याकडेही टाळेबंदी लागली, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा! प्रस्तुत लेखात या दुसऱ्या संचाची ओळख करून द्यावयाची आहे. नवा नायक आला म्हणजे जुन्या खेळाचे आणि जुन्या खेळाडूच्या खिशाचे काय होते, हे त्यावरून चांगले कळते.

पानांची वाढ : जुनी आणि नवी

पत्त्यांत नवे नायक आणणे ही गोष्ट आपल्या मुलखाला अगदीच अपरिचित नाही. बेळगावहून घाट उतरून गेले की सावंतवाडी लागते. तेथील गंजिफा प्रसिद्ध आहेत. मोगली गंजिफात आठ रंग व ९६ पाने असत. दशावतारी गंजिफात विष्णूचे दहा अवतार हेच दहा रंग झाले आणि पाने १२० झाली. केवळ चित्रे बदलली असे नव्हे. दिवसा राम ज्याच्या हाती त्याने आरंभ करावयाचा, रात्री कृष्ण ज्याच्या हाती त्याने, असा नियम आला. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा! म्हणजे नवे नायक आले की डोक्याला नवे काम लागते, हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते.

फरक एवढाच की गंजिफांची पेटी एकदा घेतली की काम संपले. 'संग्राह्य पत्त्यां'चा हिशेब वेगळा आहे. अशा खेळांची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत झाली. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ रचला. त्यात पाने बंद पुड्यांतून विकली जातात. पुडीत कोणती पाने निघतील ते फोडेपर्यंत कळत नाही. काही पाने विपुल, काही दुर्मिळ. खेळाडू आपल्याजवळील पानांतून स्वतःचा कॅट तयार करतो आणि नको असलेली पाने दुसऱ्याशी बदलून घेतो. त्याच वर्षी डिसेंबरात त्या खेळाची पहिली पुरवणी 'अरेबियन नाइट्स' निघाली आणि अल्लाउद्दीन व सिंदबाद पत्त्यांवर अवतरले. तेव्हापासून पुरवण्या काढणे हा या धंद्याचा कणाच होऊन बसला आहे.

मूळ खेळ : एका पानाची तीन कामे

नवे नियम समजण्यासाठी जुने थोडक्यात पाहू. 'फ्लेश अँड ब्लड' हे दोन नायकांचे द्वंद्व आहे. प्रत्येक खेळाडू एक नायक निवडतो. त्याचे आयुष्य साधारणतः ४० गुणांचे असते. ते शून्यावर आले की डाव संपला. नायकाजवळ शस्त्र असते आणि डोके, छाती, हात व पाय या चार जागी चिलखताचे चार तुकडे असतात. हातात चार पाने असतात. आपली पाळी संपली की पुन्हा चार होतील इतकी पाने कॅटमधून उचलावयाची.

खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक पान तीन प्रकारे वापरता येते. त्याने हल्ला करावा, ते पुढे टाकून शत्रूचा हल्ला अडवावा, किंवा दुसऱ्या पानाची किंमत चुकती करण्यासाठी त्याचा भरणा करावा. एक साधे पान घेऊ. 'वूंडिंग ब्लो' हे पान लाल, पिवळ्या व निळ्या अशा तीन रंगांत मिळते. लाल पानाचा घाव ४ गुणांचा, पिवळ्याचा ३ चा, निळ्याचा २ चा. भरण्यात मात्र उलटे : लाल पानाचा भरणा १, पिवळ्याचा २, निळ्याचा ३. कोणत्याही रंगाची बेरीज करा, पाचच येईल. अडवण्याच्या कामी तिन्ही सारखीच, ३ गुणांची.

आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला 'वैकल्पिक खर्च' शिकवला तेव्हा मी तो पाठ केला होता. तो समजला मात्र या खेळात. शत्रूचा घाव अडवण्यासाठी मी दोन पाने टाकली तर माझ्या पाळीला दोनच उरतात. घाव अंगावर घेतला तर आयुष्य घटते, पण हातातील चार पाने शाबूत राहतात. म्हणजे दर पाळीला चार पानांचे अंदाजपत्रक मांडावयाचे आणि तूट कोठे सोसावयाची ते ठरवावयाचे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरण्यासाठी टाकलेली पाने वाया जात नाहीत. पाळीच्या शेवटी ती आपल्या पसंतीच्या क्रमाने कॅटच्या तळाशी जातात. डाव लांबला की तीच पुन्हा हाती येतात. हे या खेळातील खेळते भांडवल होय. तसेच पाळीच्या अखेरीस एक पान, जागा रिकामी असल्यास, 'शस्त्रागारा'त पालथे ठेवता येते. ही एका पानाची कोठी समजावी.

पहिल्या संचात ब्राव्हो, रायनार, डोरिंथिया आणि कात्सू असे चार नायक होते. हातोडा, सोटा, तलवार, मूठ, काहीही असो, सगळ्यांचे युद्ध हत्यारांचे आणि अंगबळाचे होते. सगळ्यांचे घाव पानांनी अडत.

चार नवे नायक

'आर्केन रायझिंग'मध्ये आणखी चार आले. नव्या नियमाला खेळाडू 'मेकॅनिक' म्हणतात. आपल्याला मेकॅनिक म्हटले की गॅरेज आठवते! पण पहिल्या नायिकेच्या बाबतीत तो शब्दही शोभून दिसतो.

ती नायिका म्हणजे यंत्रे बनवणारी डॅश. एखादे स्वस्त यंत्र मांडूनच ती डाव सुरू करू शकते. तिचा नवा नियम 'बूस्ट'. हल्ला करताना कॅटचे सर्वांत वरचे पान कायमचे बाद करावयाचे. ते पान यांत्रिक वर्गाचे निघाले तर तिला पुन्हा एक चाल मिळते. एरवी पाळीला एकच चाल असते, तेथे ती दोन-तीन घाव घालते. पण बाद झालेली पाने तळाशी जात नाहीत, ती गेली ती गेली. खेळते भांडवल सोडून मूळ भांडवलच खाऊन धंदा वाढवण्याचा हा प्रकार आहे. शत्रू लवकर पडला तर ठीक. नाही पडला तर कॅट आटतो. कॅट संपला म्हणून कोणी हरत नाही, परंतु रिकाम्या हाताने लढणार तरी कसे?

दुसरी अझेलिया, धनुर्धारी. तिचे बाण थेट हातातून सोडता येत नाहीत. ते आधी शस्त्रागारात ठेवावे लागतात आणि तेथून सुटतात. जी कोठी इतरांना सोयीची, तीच तिला सक्तीची आहे. म्हणून कोठी भरण्याच्या युक्त्या तिच्या पानांवर आहेत. तिची स्वतःची युक्ती अशी : कोठीतील पान कॅटच्या तळाशी घालावयाचे आणि कॅटचे वरचे पान कोठीत उघडे ठेवावयाचे. ते बाण निघाले तर तो अडवण्यासाठी शत्रूला हातातील एकाहून अधिक पाने टाकता येत नाहीत. न निघाले तर युक्ती फुकट. येथे याच संचातील 'ऑप्ट' हा नियम उपयोगी पडतो. कॅटची वरची काही पाने आधी पाहून हवी ती वर ठेवावयाची व नको ती तळाशी घालावयाची. आधी पाहून ठेवणारी अझेलिया नेमबाज ठरते, न पाहता खेळणारी नुसती नशीबवान.

तिसरा व्हिसेराय. हा तलवारही चालवतो आणि मंत्रही जाणतो. पाळीत आधी एखादे बिनहल्ल्याचे कृतिपान खेळले असेल तर पुढील प्रत्येक स्वकुळीच्या पानामागे त्याला एक 'रूनचँट' मिळतो. हे मंत्र पटावर साठून राहतात. पुढे तो पानाने वा शस्त्राने हल्ला करतो तेव्हा साठलेला प्रत्येक मंत्र फुटतो आणि शत्रूला १ गुणाची मांत्रिक इजा करतो. एकेक मंत्र क्षुल्लक वाटतो. पण सात-आठ साठले की सावकाराच्या वहीतील व्याजासारखे ते एकदम दारात उभे राहतात.

चौथा कानो, मांत्रिक. याचे आयुष्य केवळ ३० गुणांचे, म्हणजे इतरांहून चौथाईने कमी. त्या बदल्यात दोन मोठ्या सवलती. एक, त्याची बहुतेक सर्व इजा मांत्रिक असते आणि ती पाने टाकून अडत नाही. दोन, तीन गुणांचा भरणा करून तो कॅटचे वरचे पान पाहतो, आणि ते बिनहल्ल्याचे कृतिपान असेल तर लगेच खेळू शकतो, मग पाळी शत्रूची का असेना! बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहतात. हा मात्र दुसऱ्याच्या पाळीत घुसतो.

माझा पराभव आणि निळे पान

आतेभावाने मला ब्राव्हो दिला आणि स्वतः कानो घेतला. ब्राव्हो म्हणजे मोठा हातोडा आणि भक्कम बचाव. मला वाटले, या अंगाने बारीक मांत्रिकाला मी दोन पाळ्यांत लोळवीन. त्याने पहिला मंत्र टाकला. मी ऐटीत ३ गुणांचे पान पुढे केले. तो म्हणाला, "अरे, मंत्राला ढाल चालत नाही. ते पान परत घे." पुढे माझ्या पाळीला मी हातोडा उचलतो न उचलतो तोच त्याने निळे पान टाकून भरणा केला, वरचे पान उलटले आणि माझ्याच पाळीत माझ्यावर वीज पाडली. वीस मिनिटांत डाव आटोपला. माझ्या हाती बचावाची तीन उत्तम पाने तशीच राहिली होती.

मला राग आला, पण तो हरल्याचा नव्हता. मी म्हणालो, "हा खेळ झाला की वसुली? जुने पान नव्यासमोर चालतच नसेल तर ज्याने पहिल्या संचावर पैसे घातले तो बुडालाच की!"

त्यावर त्याने चिलखताचे चार तुकडे माझ्यापुढे ठेवले. त्यांचे नाव 'नलरून'. ते याच संचातले, कोणत्याही नायकाला चालणारे. त्यांच्यावरील नियम असा : मांत्रिक इजा होऊ लागली की १ गुणाचा भरणा करावा, तो तुकडा १ गुण इजा टाळतो. हातात एक निळे पान राखले की ३ गुणांचा भरणा होतो, म्हणजे तीन तुकडे मिळून ३ गुण इजा टळते. अर्थात ते निळे पान माझ्या हल्ल्यासाठी उरत नाही. अंदाजपत्रकात संरक्षणाचे एक नवे खाते उघडावे लागले, एवढाच याचा अर्थ. दुसरा डावही मी हरलो, पण उशिरा. तिसरा जिंकलो, कारण कानोचे मुळात आयुष्यच ३० चे, आणि माझा हातोडा तोच जुना होता.

महत्त्वाचे असे की हे 'नलरून' दुर्मिळ पानांत नसून साध्या, सहज हाती येणाऱ्या पानांत आहेत. दुखणे नव्या संचाने आणले हे खरे, पण त्याचे औषधही त्यानेच स्वस्तात ठेवले. पुरवणी चांगली की वाईट हे ठरवताना मी आता हीच कसोटी लावतो. नव्या नायकाला जुना नायक, स्वस्त पानांच्या बळावर आणि विचार करून, तोंड देऊ शकतो का? देऊ शकत असेल तर खेळ वाढला. नसेल तर नुसते बिल वाढले.

पानांची चलनवाढ

या धंद्यात एक पेच कायमचा आहे. नवी पाने जुन्यांपेक्षा दुबळी असतील तर घेणार कोण? आणि प्रत्येक वेळी थोडी बलवान काढली तर काही वर्षांत जुनी पाने रद्दी होतात. ही सरळ चलनवाढच होय. गठ्ठा तोच राहतो, त्याची किंमत उतरत जाते.

उलट बाजूचाही अनुभव आहे. 'मॅजिक'च्या प्रकाशकांनी १९९५ साली 'क्रॉनिकल्स' या संचात जुनी दुर्मिळ पाने पुन्हा छापली. जमवून ठेवणारे संतापले, कारण त्यांच्या ठेवीचे मोल घसरले. तेव्हा १९९६ मध्ये प्रकाशकांनी काही पानांची राखीव यादी जाहीर केली व ती पुन्हा न छापण्याचे वचन दिले. ठेवीदार सुखावले, पण 'ब्लॅक लोटस'सारखे पान सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर गेले ते गेलेच. पान हे खेळण्याचे साधन की गुंतवणुकीचा रोखा, हा वाद तेथे मिटलेला नाही.

'फ्लेश अँड ब्लड'ने दोन उपाय योजले. पहिला, 'आर्केन रायझिंग' आधी पहिल्या आवृत्तीत काढला आणि त्यानंतर 'अनलिमिटेड' आवृत्तीत पुन्हा छापला. ज्याला मिरवावयाचे त्याने पहिली आवृत्ती घ्यावी, ज्याला खेळावयाचे त्याने दुसरी. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. स्पर्धा जिंकल्या की विजेत्याच्या नायकाच्या नावे गुण जमा होतात. ठरावीक गुण झाले की तो नायक 'लिव्हिंग लेजंड', म्हणजे हयात आख्यायिका, ठरतो आणि मुख्य प्रकारच्या स्पर्धांतून निवृत्त होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिल्या संचातील ब्राव्होचेच 'स्टार ऑफ द शो' हे नवे रूप आले. ते इतके जबर निघाले की त्याच वर्षी त्याला निवृत्त व्हावे लागले. फार जिंकणे हेच निवृत्तीचे कारण! आपल्याकडील काही क्षेत्रांत हा नियम लागू झाला तर काय बहार येईल, पण तो विषय वेगळा.

याने सारे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. निवृत्त नायकावर ज्याने पैसे घातले त्याला चट्टा बसतोच. बंद पुडीत लॉटरीचा अंश आहेच, आणि पुडी फोडण्याची चटक ही खेळण्याच्या आवडीपेक्षा निराळी असते, हे कोवळ्या वयातील मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे. माझ्या वडिलांनी पुडीची किंमत ऐकून एवढेच विचारले, "आणि आत कागदच ना?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आमचा तोडगा

आतेभाऊ परत गेला आणि पेट्याही गेल्या. मग मी व माझ्या कन्नड मित्राने जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद सारख्या मापाचे कापले आणि त्यांवर पानांची नावे, किंमत, घाव व भरणा हाताने लिहिला. त्याने आपला डॅशचा कॅट कन्नड लिपीत लिहिला, मी ब्राव्होचा मराठीत. मंगलाष्टकांच्या वेळा मागल्या बाजूला छापलेल्या दिसतात, त्यामुळे मुरलेला खेळाडू पाठीवरूनच पान ओळखतो, हा एक दोष आहे. अशी पाने अधिकृत स्पर्धेत अर्थातच चालत नाहीत. परंतु वसतिगृहाच्या व्हरांड्यात कोणी विचारीत नाही. आणि येथे एक गोष्ट उघड झाली. पानांचा दुर्मिळपणा काढून घेतला, चित्रांची चकाकी काढून घेतली, तरी चार पानांचे ते अंदाजपत्रक तसेच उरते. कोणते पान मारावे, कोणते टाकावे, कोणते राखावे, याचा विचार पत्रिकेच्या कागदावरही तितकाच करावा लागतो.

तूर्त आमच्यात डॅशचे तेरा विजय आहेत व ब्राव्होचे नऊ. कानोचा कॅट लिहून काढण्यास कोणी तयार असेल तर कागद आमच्याकडे शिल्लक आहेत. इच्छुकांनी, लिपी कोणतीही असो, दुपारच्या सुटीत वाचनालयामागील कट्ट्यावर भेटावे. मात्र येताना एक निळे पान राखून ठेवण्याची सवय करून यावे.